काठ राखणारी झाडे : समुद्रावरील तिवर आणि वणी भागातील नद्यांचे काठ

वणी तालुका समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. येथील शेतकऱ्याचा संबंध काळ्या जमिनीशी, कापूस, तूर व सोयाबीन या पिकांशी आणि निर्गुडा, वर्धा व पैनगंगा या नद्यांशी येतो. असे असूनही समुद्रकाठी वाढणाऱ्या तिवराच्या वनांची माहिती त्याने करून घेणे दोन कारणांनी उपयुक्त आहे. पहिले कारण असे की, या भागातील शेतांतून वाहून जाणारी माती अखेर ज्या ठिकाणी जाऊन विसावते, तेथे हीच वने उभी आहेत. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की, वाहत्या पाण्याच्या काठावर उभे राहून जमीन कशी राखावी, हे ही झाडे जितक्या स्पष्टपणे दाखवितात तितके दुसरी कोणतीही झाडे दाखवीत नाहीत. तेच काम वणी भागात करंज, कहू, जांभूळ, निर्गुडी या काठावरच्या झाडांकडे आहे. ही झाडे गेली की काठ जातो आणि काठापाठोपाठ शेत जाते.

पाण्याची वाट

वणी गावाजवळून वाहणारी निर्गुडा नदी पुढे वर्धा नदीस मिळते. तालुक्याच्या दक्षिण बाजूने येणारी पैनगंगाही वढा-जुगाद येथे वर्धेस मिळते. वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ होतो आणि तेथून पुढे या प्रवाहास प्राणहिता असे नाव पडते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. गोदावरी आंध्र प्रदेशातून वाहत राजमहेंद्रीच्या खाली दोन मुख्य शाखांत विभागते. गौतमी आणि वसिष्ठा या त्या शाखा होत. त्या बंगालच्या उपसागरास जेथे मिळतात, तेथे नदीने हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळाचा विस्तीर्ण त्रिभुज प्रदेश तयार झालेला आहे.

या प्रदेशाच्या समुद्राकडील कडेला, काकिनाडा शहराजवळ, कोरिंगा नावाचे वन आहे. सन १९७८ मध्ये त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र सुमारे २३५ चौरस किलोमीटर आहे. तेथील तेलुगू भाषिक लोक या वनास ‘मड अडवी’ म्हणतात. आपल्या कोकणात अशाच वनास कांदळवन, तिवरांचे बन किंवा खारफुटी म्हणतात. विदर्भातील काळ्या मातीचे कण नद्यांतून जे तेथवर पोहोचतात, त्यांतील काही या झाडांच्या मुळांत अडकून राहतात.

तिवर कशास म्हणावे

तिवर हे एका झाडाचे नाव असले तरी बोलण्यात ते या सर्व वनास लावले जाते. वस्तुतः या वनात अनेक जातींची झाडे असतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा आणि काटेरी पानांची मारांडी या जाती विशेष आढळतात. त्यांपैकी पांढऱ्या चिप्पीस महाराष्ट्र शासनाने २०२० साली राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित केले. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशात या वनांचे क्षेत्र ४,९९२ चौरस किलोमीटर असून त्यांपैकी ३२४ चौरस किलोमीटर महाराष्ट्रात आहे.

ही झाडे ज्या जागी वाढतात तेथे आपले कोणतेही पीक एक आठवडाही तग धरणार नाही. साधारणपणे दिवसातून दोन वेळा भरतीचे पाणी चढते आणि दोन वेळा उतरते. पाणी खारट, चिखल खोल, आणि त्या चिखलात हवा जवळजवळ नाहीच. शेतात पाणी साचले म्हणजे तुरीची मुळे गुदमरतात आणि झाड पिवळे पडते, हा अनुभव प्रत्येक शेतकऱ्यास आहे. तिवराची झाडे आयुष्यभर अशाच स्थितीत राहतात. त्यासाठी त्यांच्या अंगी तीन विशेष गुण आहेत.

पहिला गुण श्वास घेण्याचा. तिवराच्या जमिनीतील मुळांपासून पेन्सिलीसारखी असंख्य उभी मुळे चिखलाच्या वर येतात. यांस श्वसनमुळे म्हणतात. ओहोटीच्या वेळी ही मुळे उघडी पडतात आणि त्यांवरील बारीक छिद्रांतून हवा आत जाते. कांदळाच्या खोडापासून कमानीसारखी आधारमुळे निघून चिखलात रुततात. त्यांमुळे झाडास हवाही मिळते आणि टेकूही मिळतो.

दुसरा गुण मीठ सोसण्याचा. कांदळ आपल्या मुळांशीच पाणी गाळून बहुतेक मीठ बाहेर ठेवतो. तिवर काही मीठ आत घेतो आणि पानांवरील ग्रंथींतून ते बाहेर टाकतो. तिवराच्या पानास जीभ लावली तर ते खारट लागते, ते याच कारणाने.

तिसरा गुण वंश राखण्याचा. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. त्यास हातभर लांबीचा, शेवग्याच्या शेंगेसारखा कोंब फुटतो. तो खाली पडला की चिखलात उभा रुततो, किंवा पाण्यावर तरंगत जाऊन योग्य जागी मूळ धरतो. भरती-ओहोटीच्या पाण्यात साधे बी टिकणे कठीण, म्हणून निसर्गाने तयार रोपच खाली सोडण्याची ही व्यवस्था केलेली आहे.

मुळे गाळ कसा धरतात

वाहत्या पाण्याच्या अंगी माती वाहून नेण्याची शक्ती असते आणि ती त्याच्या वेगावर अवलंबून असते. वेग वाढला की पाणी रेती व खडेही ओढून नेते. वेग कमी झाला की प्रथम खडे, मग रेती, आणि सर्वांत शेवटी बारीक माती तळाशी बसते. तिवराची श्वसनमुळे व कांदळाची आधारमुळे पाण्याच्या वाटेत दाट कुंपणासारखी उभी असतात. त्यांमधून जाताना पाण्याचा वेग मोडतो आणि बारीक गाळ तेथेच बसतो. बसलेला गाळ मुळांच्या जाळ्यात घट्ट धरला जातो. वर्षानुवर्षे असे घडत राहिले म्हणजे जमिनीची पातळी हळूहळू चढते.

लाटांच्या बाबतीतही हेच घडते. उघड्या किनाऱ्यावर आपटणारी लाट आपली सर्व शक्ती मातीवर खर्च करते. झाडांच्या पट्ट्यातून येणारी लाट मुळांवर, खोडांवर आणि फांद्यांवर आपटून थकते. पट्टा जितका रुंद तितकी लाट अधिक दमते. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओरिसाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले होते. त्यानंतर केंद्रपाडा जिल्ह्यातील गावांचा अभ्यास करण्यात आला व तो २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये तिवरांचा रुंद पट्टा होता, तेथे मृत्यू कमी झाले असे त्यात आढळून आले. तिवराचे वन वादळ थांबवू शकत नाही, परंतु पाण्याचा तडाखा सौम्य करू शकते, एवढा अर्थ यावरून घ्यावयाचा.

कोकणातील शेतकऱ्यास याचा प्रत्यक्ष उपयोग आहे. तेथे खाडीकाठी बांध घालून भरतीचे पाणी अडविलेल्या जमिनींना खाजण किंवा खारभूमी म्हणतात. तेथे खारपणा सोसणारा भात घेतला जातो. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने त्यासाठी पनवेल १, पनवेल २ आणि पनवेल ३ या जाती दिलेल्या आहेत. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते, आणि एकदा शिरलेला खार धुऊन निघण्यास पुढचे काही पावसाळे लागतात. बांधाच्या बाहेर तिवरांचा पट्टा असला तर लाट बांधापर्यंत पोहोचण्यापूर्वीच मोडते व बांधाचे आयुष्य वाढते. जेथे सरपणासाठी वा इतर कामांसाठी हा पट्टा तोडला जातो, तेथे बांधाच्या दुरुस्तीचा खर्च वाढतो.

मासे, पाने आणि कोळसा

तिवराखालच्या पाण्यात गळून पडलेली पाने कुजतात. त्यांवर सूक्ष्म जीव वाढतात, त्या जीवांवर कोळंबीची व माशांची पिले पोसली जातात, आणि दाट मुळांमध्ये मोठ्या माशांपासून त्यांचे रक्षण होते. कोळंबी, चिंबोरी, बोय, जिताडा अशा अनेक जातींचे जीवन काही काळ तरी या आडोशास असते. वन तोडले तर खाडीतील मासेमारीस त्याचा फटका बसतो, तो याच कारणाने.

याच चिखलाचा आणखी एक धर्म वणीच्या वाचकास विशेष जवळचा वाटेल. हवा नसलेल्या चिखलात पाने, मुळे व लाकूड पूर्ण कुजत नाही. ते थरावर थर साठत जाते. त्यामुळे झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन जमिनीत दीर्घकाळ पडून राहतो, आणि या बाबतीत तिवरांची जमीन कोरड्या भूमीवरील वनापेक्षा पुष्कळच वरचढ ठरते. आता वणी परिसरात खाणींतून निघणारा दगडी कोळसा पाहावा. सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी या भागात गोड्या पाण्याच्या दलदली होत्या. त्यांत वाढलेली झाडे चिखलात गाडली गेली, त्यांवर गाळ व रेती साचत गेली, आणि त्या दाबाखाली व उष्णतेखाली त्यांचा कोळसा झाला. ती झाडे तिवराची नव्हती आणि ते पाणीही खारे नव्हते, परंतु पाणथळ चिखलात वनस्पती साठून राहण्याची क्रिया तीच होती.

वणी भागातील काठ का ढासळतात

आता आपल्या नद्यांकडे वळू. येथे भरती-ओहोटी नाही, परंतु पूर आहे. जुलै २०२२ मध्ये वर्धा व पैनगंगा या नद्यांना मोठे पूर आले आणि वणी तालुक्यातील नदीकाठच्या गावांना व शेतांना त्याची झळ पोहोचली. अशा पुरात पिके जातात हे सर्वांच्या नजरेस येते. पाणी ओसरल्यावर काठ किती आत सरकला, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

काळ्या जमिनीचा काठ ढासळण्याची क्रिया समजून घेतली पाहिजे. या मातीत चिकणमातीचे प्रमाण फार असते. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात काठाला समांतर अशा लांब, खोल भेगा पडतात. पावसाळ्यात या भेगांत पाणी शिरते. पूर चढलेला असताना नदीचे पाणीच काठास बाहेरून टेकू देत असते. पूर झपाट्याने उतरला म्हणजे हा टेकू निघून जातो, परंतु काठाची माती आत पाणी धरून जड झालेली असते. त्यातच प्रवाहाने काठाचा पायथा पोखरलेला असेल, तर भेगेपासून पुढचा सर्व भाग एकदम खाली बसतो. काठ पुष्कळदा पूर चढताना न पडता उतरताना पडतो, तो यामुळे.

या हानीचे माप साध्या हिशेबाने काढता येते. शेताचा नदीकडील काठ शंभर मीटर लांब आहे आणि चार मीटर उंच आहे असे समजा. एका पावसाळ्यात तो फक्त एक मीटर आत सरकला, तर शंभर चौरस मीटर म्हणजे एक आर जमीन गेली. मातीचे घनफळ चारशे घनमीटर झाले. एक घनमीटर मातीचे वजन सव्वा टनाच्या आसपास धरले तरी पाचशे टन माती नदीत गेली. बंडीत अर्धा टन माती भरली जाते असे धरल्यास ती वाहून आणण्यास हजार बंड्या लागतील. एवढी माती कोणताही शेतकरी परत आणू शकत नाही, आणि गेलेला एक आर सातबाऱ्यावर कायम राहिला तरी त्यात पीक येत नाही.

काठावरची दोन तासे अधिक मिळावीत म्हणून धुऱ्यापलीकडची झाडे तोडून थेट कडेपर्यंत वखर चालविणे कसे तोट्याचे आहे, हे यावरून दिसून येईल. कापलेल्या झाडाची मुळे दोन-चार वर्षे मातीस धरून ठेवतात. म्हणून तोडीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात काही बिघडले असे वाटत नाही. मुळे कुजून गेल्यावर काठ उघडा पडतो, आणि त्या वेळी हानीचा संबंध झाडांच्या तोडीशी जोडणे कोणास सुचत नाही.

दोन्ही काठांवरचे एक झाड

तिवर व कांदळ वणीस आणून लावता येणार नाहीत. तसे करण्याची गरजही नाही, कारण आपल्या नद्यांची स्वतःची झाडे आहेत. यांपैकी करंज विशेष लक्ष देण्याजोगा आहे. कोकणात खाडीच्या काठी, तिवरांच्या मागच्या बाजूस करंज आढळतो, आणि विदर्भात ओढ्या-नाल्यांच्या काठी तोच करंज उभा असतो. मुळाशी पाणी साचले तरी तो सोसतो, उन्हाळ्यात तग धरतो, आणि गुरे त्याच्या पाल्यास सहसा तोंड लावीत नाहीत. त्याच्या बियांपासून तेल मिळते व पेंड खतास उपयोगी पडते.

दुसरे झाड कहू. यास इतरत्र अर्जुन किंवा अर्जुनसादडा म्हणतात. पांढरट, गुळगुळीत बुंध्याचे हे मोठे झाड नदीकाठीच शोभते. त्याची मुळे काठाच्या मातीत जाळ्यासारखी पसरतात. पुराच्या पाण्याने माती धुऊन गेली तरी उघड्या मुळांनी उभा असलेला कहू पुष्कळ ठिकाणी पाहावयास मिळतो. जांभूळ आणि उंबर हीदेखील ओलसर जागेची झाडे असून त्यांची फळे माणसांच्या, पाखरांच्या व माशांच्या उपयोगी पडतात.

तिसरे निर्गुडीचे झुडूप. वणीच्या नदीचे नाव निर्गुडीची आठवण करून देणारे आहे. ओढ्याकाठी निर्गुडी दाट वाढते, फांदी लावली तरी जगते, पुरात वाकते व पुन्हा उभी राहते. गुरे तिला खात नाहीत. तिचा पाला धान्यात घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. काठाच्या उतारावर निर्गुडीचे जे काम आहे, ते समुद्रावर तिवराच्या श्वसनमुळांच्या कामासारखेच आहे. ती पाण्याचा वेग मोडते आणि गाळ बसविते.

पाण्याच्या अगदी जवळ वाळुंज, लव्हाळा व वाळा उपयोगी पडतात. वाळ्याची मुळे सरळ खाली दोन मीटरांहूनही खोल जातात. त्यामुळे मातीत जणू असंख्य खुंट्या ठोकल्यासारखे होते.

लागवडीची रीत

काठ राखण्याच्या कामी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. पट्टा मोकळा सोडावा. मोठ्या नदीच्या काठी शक्य तेथे दहा ते पंधरा मीटर आणि नाल्याच्या काठी तीन ते पाच मीटर रुंदीचा पट्टा नांगरट न करता झाडांसाठी ठेवावा. लहान शेतकऱ्यास एवढी जागा सोडणे परवडत नसेल, तर निदान काठाचा उतार आणि त्यावरची पहिली ओळ तरी राखावी.

२. तीन थरांत लागवड करावी. पाण्याजवळ वाळा, लव्हाळा व वाळुंज, उतारावर निर्गुडी व करंज, आणि वरच्या सपाटीवर कहू, जांभूळ, उंबर, करंज अशी योजना ठेवावी. मोठी व जड झाडे किंवा बांबूची बेटे सुटलेल्या, पोखरलेल्या कडेवर लावू नयेत. त्यांच्या भाराने कडा अधिक लवकर तुटते. बांबू लावावयाचा असल्यास तो कडेपासून आत, पक्क्या जागी लावावा.

३. वेळ साधावी. सपाटीवरील रोपे पावसाळ्याच्या आरंभी लावावीत. करंजाचे ताजे बी रात्रभर भिजवून जागेवरच टोकले तरी चालते. उताराच्या खालच्या भागात मात्र पुराचा जोर ओसरल्यावर, जमिनीत ओल असतानाच वाळ्याचे ठोंब व निर्गुडीच्या फांद्या लावाव्यात. म्हणजे पुढील पूर येईपर्यंत त्यांस मुळे धरण्यास आठ-नऊ महिने मिळतात. उन्हाळ्यात शक्य तितके पाणी द्यावे.

४. अंतर ठेवावे. झाडे तीन ते चार मीटरांवर, एका ओळीतील झाड दुसऱ्या ओळीतील मोकळ्या जागेसमोर येईल अशी लावावीत. वाळ्याचे ठोंब वीतभराहून कमी अंतरावर, उतारास आडव्या ओळीत लावावेत. उतारावर उभी ओळ लावल्यास तिच्या बाजूने पाण्याची वाट पडते.

५. गुरांची वाट ठरवावी. गुरे जागोजागी उतरून काठाची माती मोकळी करतात. गावाने पाणवठ्याकडे जाण्याची एकच वाट ठरवावी, तेथे दगड घालून उतार पक्का करावा आणि बाकीचा काठ पहिली दोन-तीन वर्षे काट्यांच्या कुंपणाने राखावा.

६. पायथा उकरू नये. काठालगतची रेती उपसल्याने पात्र खोल होते व काठाचा आधार जातो. असा काठ कितीही झाडे लावली तरी टिकत नाही.

७. उभे झाड आधी राखावे. नवे रोप दहा वर्षांनी जे काम करील, ते जुना कहू आज करीत आहे. वाळलेल्या फांद्या काढाव्यात, परंतु बुंधा व मुळे खोदून काढू नयेत.

८. हद्द पाहून काम करावे. नदीपात्रालगतची जागा खाजगी आहे की सरकारी, हे तलाठी कार्यालयातील नकाशावरून आधी पाहावे. सामाईक काठ असल्यास ग्रामपंचायतीच्या ठरावाने काम हाती घ्यावे. एका शेतकऱ्याने काठ राखला आणि त्याच्या वरच्या अंगाच्या शेजाऱ्याने तो उघडा केला, तर पाणी शेजाऱ्याच्या बाजूने आत शिरून दोघांचेही नुकसान करते.

काही शंका

झाडांच्या सावलीने पीक कमी येते अशी तक्रार शेतकरी करतात. तिच्यात तथ्य आहे. उंच झाडे काठाच्या कडेस आणि झुडपे उतारावर ठेवली, व शेताकडील फांद्या वेळोवेळी छाटल्या, तर सावलीचा त्रास पुष्कळ कमी होतो. राहिलेला तोटा काठाच्या रक्षणासाठी दिलेला खर्च समजावा.

दाट झुडपांत रानडुकरे दडतात ही दुसरी तक्रार होय. वणी भागात तिच्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. यासाठी झुडपे फक्त उतारावर ठेवावीत, वरच्या पट्ट्यात झाडांखालची जागा मोकळी व नजरेत राहील अशी ठेवावी, आणि पट्टा व पीक यांमध्ये जाण्या-येण्याइतकी वाट सोडावी.

तिसरी शंका अभ्यासू वाचकाच्या मनात येईल. आपण माती अडविली तर गोदावरीच्या मुखाशी गाळ कमी पोहोचेल आणि तेथील तिवरांचे नुकसान होईल, असे नाही काय? त्रिभुज प्रदेशास गाळ लागतो हे खरे. गोदावरीच्या मुखाशी येणारा गाळ गेल्या काही दशकांत पुष्कळ घटला आहे आणि तेथील किनाऱ्याचे काही भाग समुद्र खाऊ लागला आहे. परंतु याचे मुख्य कारण वाटेतील धरणे व बंधारे हे होय. त्यांच्या जलाशयांत गाळ अडून राहतो. काठावरची झाडे नदीचा सर्व गाळ थांबवीत नाहीत. प्रत्येक पुरात नदी आपला स्वाभाविक गाळ नेतच राहते. झाडे थांबवितात ती शेताची ढासळ. काठ तुटून गेलेल्या मातीचा पुष्कळसा भाग समुद्रापर्यंत न जाता वाटेतच पात्रात व जलाशयात साचतो आणि तेथेही उपद्रवच करतो. त्यामुळे वणीचा काठ राखणे आणि कोरिंग्याचे वन राखणे यांत विरोध नाही.

ग्रामसेवकांसाठी

समुद्रकाठच्या लोकांनीही तिवरांचे मोल उशिराच ओळखले. पूर्वी या वनास ओसाड चिखल समजून त्यावर भराव टाकले गेले व झाडे सरपणास गेली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम आदेशाने आणि २०१८ साली अंतिम निर्णयाने कांदळवनांच्या तोडीस मनाई केली, आणि २०१२ साली राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. तिवरांच्या रक्षणास असा न्यायालयाचा आधार लाभला. नदीकाठच्या करंजास व निर्गुडीस असा वेगळा कक्ष नाही. त्यांचे रक्षण गावाने व शेतकऱ्यानेच करावयाचे आहे.

ग्रामपातळीवर काम करणाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी गावच्या काठाची एक फेरी करावी. कोठे भेगा पडल्या आहेत, कोठे पायथा पोखरला आहे आणि कोठे जुनी झाडे उभी आहेत, याची नोंद शेताच्या गट क्रमांकासह ठेवावी. काठापासून ठरावीक अंतरावर, पक्क्या जागी, प्रत्येक शेतात एक खुंटी रोवावी आणि पूर ओसरल्यावर खुंटीपासून काठापर्यंतचे अंतर पुन्हा मोजावे. झाडे असलेला काठ आणि उघडा काठ यांतील फरक दोन-तीन पावसाळ्यांत या मोजमापातूनच शेतकऱ्यांस दिसेल, आणि तो दिसला म्हणजे रोपांची मागणी गावातूनच येऊ लागेल.